हुडकोतली फर्स्ट शिफ्ट

सकाळी सहाच्या जरा आधी तो घरातून निघायचा. पायात वडिलांचे स्टील प्लांटचे जाड बूट, सायकलच्या हँडलला डबा. बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फाटकापर्यंत सोडायला यायच्या. मग हा गृहस्थ हुडकोला, म्हणजे भिलाईतल्या आमच्या कॉलनीला, एक चक्कर मारायचा. दुकानांच्या रांगेवरून जाऊन, मैदानाला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपाशी वळून तो परत स्वतःच्याच घरी यायचा, पण मागच्या दाराने. त्या दाराला लागून एक खोली होती. खोलीत टेबल, कॉम्प्युटर, खाट आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटोला जयभीम करून तो खुर्चीत बसला की ड्युटीवर. दोन वाजेपर्यंत घरातल्या कोणी त्याला हाक मारायची नाही. आंबाडीच्या भाजीत डाळ टाकू की कण्या, एवढंच विचारायचं असलं तरी वहिनी स्वयंपाकघरातून फोन लावायच्या. फोनच्या आधी भिंतीपलीकडूनच त्याचा आवाज यायचा, "ड्युटीवर आहो, बोल."

दोन वाजता तो पुन्हा सायकल काढायचा, तीच चक्कर उलटी मारायचा आणि पुढच्या दाराने घरी यायचा. बूट काढायचा, डबा वहिनींच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "का चाल्लं घरात?"

कॉलनीतले लोक हसायचे. मीही हसायचो, आणि सगळ्यांपेक्षा जोरात हसायचो, कारण माझ्या पोटात दुखायचं. हे मी आडपडदा न ठेवता सांगून टाकतो. या माणसाचा मला शाळेपासून हेवा वाटत आला आहे. शाळेत त्याच्याहून माझे मार्क जास्त असायचे, तरी वाटायचा.

तो कसली ड्युटी करायचा ते सांगतो. ब्लॉग लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं, त्याचा सगळा कोड उघडा असतो, आणि तो पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. त्यात जे कमी वाटेल ते कोणीही स्वतः लिहून जोडावं आणि जगाला वाटावं. अशा जोडकामाला प्लगइन म्हणतात. जगभरचे लोक हे उद्योग हौसेनं करतात. भिलाईत करणारे आम्ही दोघं. सेक्टर सहाच्या मार्केटात माझं वेबसाइट बनवून देण्याचं दुकान आहे, कोचिंग क्लास आणि मंगल कार्यालयं ही माझी गिऱ्हाइकं. माझंही एक प्लगइन आहे. ते लावलं की दिवाळीला वेबसाइटवर पणत्या लागतात, होळीला रंग उडतात आणि पंधरा ऑगस्टला कोपऱ्यात झेंडा फडकतो. गिऱ्हाइकांना आवडतं. जगाला अजून पत्ता लागलेला नाही.

त्याच्या पोटापाण्याचं काम वेगळं होतं. रायपूरच्या एका ऑफिसची कामं तो घरी बसून करायचा. पण गंमत अशी की ते काम दुपारी जेवण झाल्यावर, बनियनवर, पुढच्या खोलीत दिवाणावर लोळत चालायचं. त्याला तो ड्युटी म्हणत नसे. ज्याचा पगार मिळायचा ते घरकाम, आणि ज्यातून फुटकी कवडी यायची नाही त्यासाठी बूट घालून डबा घेऊन निघायचं. मी एकदा म्हणालो, "उलटं हाय तुझं." तर म्हणे, "उलटं कसं? ते काम उद्या केलं तरी कोनाचं का बिघडते? हे गरम हाय."

गरम आणि थंड, जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्याने असे दोन भाग पाडले होते. परदेशातून कोणी तक्रार पाठवली की तो पहिल्यांदा स्वतःशीच विचारायचा, "गरम हाय का थंड?" गरम असली तर आत्ता, थंड असली तर उद्या. हे सगळं त्याने वडिलांकडून उचललेलं. त्याचे बाबा उमेदीची सगळी वर्षं भट्टीवर होते. भंडाऱ्याकडून पोरसवदा वयात आले, खलाशी, म्हणजे प्लांटमधला साधा मजूर, म्हणून लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. भट्टीचा एक नियम आहे. तो पाटीवर लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना ठाऊक असतो. शिफ्ट संपली म्हणून माणूस उठून जात नाही. त्याच्या जागी येणारा, म्हणजे रिलीव्हर, समोर उभा राहून "आलो, तू जाय" म्हणतो तेव्हा पहिला सुटतो. रिलीव्हर आला नाही तर डबल ड्युटी. मुलगा जन्मला तेव्हाही बाबा डबलवरच होते, आणि हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. आईला त्याचा किती अभिमान वाटला असेल कोण जाणे.

माझे वडीलही प्लांटमध्येच होते, पण ऑफिसात क्लार्क. जनरल शिफ्ट. सकाळी नऊला जायचे आणि संध्याकाळी पाच वाजता पेनाला टोपण लावून निघायचे. त्यांना जन्मात कधी रिलीव्हर लागला नाही. ही गोष्ट मला पुढे फार महागात पडणार आहे हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

त्याचं प्लगइन या नियमातूनच निघालं. एका ब्लॉगवर चार-पाच जण मिळून लिहीत असले की घोळ व्हायचे. एकाने लेख अर्धा सोडायचा, दुसऱ्याने तो नकळत पुसायचा, तिसऱ्याने जुनाच छापायचा. याने अशी व्यवस्था केली की ज्याने लेख उघडला त्याच्याकडे त्या लेखाचा चार्ज. बाकीच्यांनी फक्त वाचायचं. आणि ज्याच्याकडे चार्ज आहे त्याने, दुसरा येऊन चार्ज घेईपर्यंत, जायचं नाही. जायचं नाही म्हणजे खरंच जायचं नाही. बाहेर पडायचं बटणच त्याने काढून टाकलं होतं.

कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईंनी ते लावलं. त्या आणि त्यांची बहीण मिळून स्वयंपाकाचा ब्लॉग चालवायच्या. बहीण गेली सुट्टीवर, आणि या बाई भोपळ्याच्या सूपच्या लेखात अडकल्या. दुसरा लेख उघडेना, हा बंद होईना. त्यांनी चिडून लिहिलं की मी सकाळपासून सूपमध्ये आहे, मला बाहेर काढा. आमच्या महाशयांनी इंग्रजीत उत्तर पाठवलं, "मॅडम, आपला रिलीव्हर आलेला नाही. कृपया फोरमनला कळवावे."

मी ते वाचून कपाळाला हात लावला. "अबे, ते बाई फोरमन कुठून आनन? बाहेर निघाची वाट दे न तिले."

"चालत्या कामातून मानूस निघून कसा जाते?"

"पाच वाजता जाते. माये बाबा रोज जात होते."

"तुमची गोष्ट अलग हाय," तो शांतपणे म्हणाला. "तुमी जनरल शिफ्टवाले. तुमची खुर्ची रिकामी राह्यली त खुर्चीच रिकामी राह्यते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरीही मी त्याला उपाय सांगितला, आणि तो उपाय माझा आहे हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. निघणाऱ्याला विचार, तुझ्यामागून कोण येणार? त्याचं नाव घे, त्याला निरोप धाड, आणि निघणाऱ्याला जाऊ दे. तो दुसरा "आलो" म्हणेपर्यंत लेखावर पहिल्याचंच नाव राहू दे. त्याने दोन दिवस विचार केला, बाबांना विचारलं, आणि तसं केलं. कोडात सगळ्यांत वर त्याचं नाव होतं. त्याखाली त्याने माझं नाव घातलं.

नाव घातलं नसतं तर भांडता तरी आलं असतं.

मग ते प्लगइन जे पसरलं ते विचारू नका. कॉलेजांची मासिकं, गावोगावची छोटी वर्तमानपत्रं, कुठल्या कुठल्या बेटांवरची मंडळं. मला नकाशावर सापडत नव्हती अशा गावांहून लोक लिहायचे की आमच्याकडे आता एकही लेख बेवारस पडत नाही. कोडाच्या मध्ये मध्ये त्याने टिपा लिहिलेल्या असत, त्या आपल्या बोलीत. "इथं हात नको लावू बाप्पा, भाजन." "हे थंड हाय, मन लागन तवा कर." परदेशातले लोक त्यांचा अर्थ विचारायचे, आणि हा मन लावून समजावून सांगायचा. मी माझ्या पणत्यांच्या प्लगइनमध्ये स्वच्छ इंग्रजीत टिपा लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ कोणी विचारला नाही.

आणि मला खरा राग कशाचा होता सांगू? सोय मी सुचवली, पण मूळ कल्पना त्याच्या बापाच्या भट्टीतून आली. त्याला वारसा तरी केवढा गरम मिळाला. मला बापाकडून काय मिळालं, तर पाच वाजता घरी येणं.

एकदा रायपूरला या सॉफ्टवेअरवाल्या लोकांचा मेळावा होता. त्यांनी त्याला बोलायला बोलावलं, गाडी पाठवतो म्हणाले. हा म्हणाला, सकाळचा कार्यक्रम आहे, माझी फर्स्ट शिफ्ट आहे, जमणार नाही. मग मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, पणत्यांवर पंधरा मिनिटं बोललो. नंतर चहाच्या वेळी पोरांचा घोळका माझ्याभोवती जमला आणि मला वाटलं, चला, आला आपलाही दिवस. एकाने विचारलं, "सर, आप भिलाई से हैं ना? वो सच में साइकिल से घूमकर अपने ही घर जाते हैं?" घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

अशी वर्षं गेली. मग एका रविवारी, मी नेहमीसारखा मागच्या खोलीत खाटेवर बसून चहा पीत असताना तो म्हणाला, "मी आता सोडून राह्यलो."

"का?"

"घरी यायचं हाय मले."

मी हसलो. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. इतकी वर्षं नवरा अर्धा दिवस भिंतीपलीकडे होता आणि घरात नव्हता. बाबांचंही वय झालं होतं. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, आणि फोनवरून बोलणं त्यांना जमत नव्हतं, त्यामुळे दोन वाजेपर्यंत ते व्हरांड्यात मुकाट बसून असायचे.

त्याने जगाला कळवलं की मला चार्ज द्यायचा आहे. आणि त्याच दिवसापासून तो जास्तच अडकला. कारण सरळ होतं. सोडायचं ठरलं, रिलीव्हर आलेला नाही, म्हणजे डबल ड्युटी. पूर्वी दोन वाजता तरी घरी यायचा, आता रात्रीचं जेवणसुद्धा डब्यातून जायला लागलं. वहिनी सकाळी एक डबा भरायच्या आणि दुपारी दुसरा नेऊन मागच्या दाराच्या पायरीवर ठेवायच्या. रायपूरचं काम तुंबलं. बाबा मात्र खूश होते. "फर्नेस कोनाची वाट नाई पाहत," ते व्हरांड्यातून ओरडून सांगायचे.

घ्यायला तयार असलेले लोक काही कमी नव्हते. रोज कोणी ना कोणी लिहायचा की मला यात रस आहे, माझा विचार करावा, माझा अनुभव असा असा आहे. हा सगळ्यांना एकच उत्तर धाडायचा, "कृपया येऊन सांगा." लोकांना वाटलं इंग्रजी कच्चं आहे. एकाने व्हिडिओ कॉलची वेळ मागितली. याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "फोनवर चार्ज देते का कोनी?"

आणि मी? मी तर तिथेच होतो. दर रविवारी, त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, खाटेवर. ते प्लगइन मला हवं होतं. इतकं हवं होतं की दुकानात बसून मी कोऱ्या कागदावर माझं नाव पहिलं आणि त्याचं दुसरं असं लिहून बघितलं होतं. कोड मला ओळ न ओळ पाठ होता. बाहेर पडायची वाट माझी होती. भिलाईत दुसरा माणूस नव्हता. आता त्याने फक्त मान वळवून म्हणायचं होतं, तू घे. शाळेपासून इतकी वर्षं मी त्याच्या मागच्या ओळीत काढली, एकदा त्याने मला विचारावं एवढी माझी लायकी नक्कीच होती. मी मागितलं असतं तर ते दान झालं असतं. म्हणून मी चहा प्यायचो, हवापाण्याच्या गप्पा मारायचो आणि वाट बघायचो. तोही माझ्याकडे बघायचा. मधूनच टायपिंग थांबवून बघायचा आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायचा.

एकदा वहिनी मला फाटकापाशी म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच का नाई घेऊन टाकत? तुमाले त येते सारं."

"त्यानं म्हनाले पायजे न वहिनी."

"ते नाई म्हननार."

"मंग मी कावून म्हनू?" मी म्हणालो. त्या फाटकाची कडी लावून आत गेल्या.

उन्हाळा लागला होता. असाच रविवार होता, माझा चहा अर्धा झाला होता. मागचं दार वाजलं. दारात एक बाई. वय असेल तिशी-पस्तिशीचं, खांद्याला पिशवी, दुर्ग स्टेशनवरून थेट आल्यासारखा चुरगळलेला कुर्ता. मला वाटलं काही विकायला आली आहे. ती आत आली, खाटेकडे आणि माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, आणि त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"राउरकेला से आई हूँ," ती म्हणाली. "मैं आ गई. आप घर जाइए."

त्याने टायपिंग थांबवलं. मग त्याने विचारलं, "पापा?"

"कोक ओवन में थे."

एवढंच. राउरकेलाही पोलादाचंच गाव, आणि कोक ओव्हन म्हणजे तिथल्या प्लांटची कोळशाची भट्टी. "येऊन सांगा" याचा अर्थ साऱ्या जगात त्या एकीला कळला होता. नंतर समजलं की ओडियात लिहिणाऱ्यांच्या एका मंडळाचा ब्लॉग ती सांभाळायची, आणि त्याआधीच्या वर्षभरात तिने बऱ्याच दुरुस्त्याही पाठवल्या होत्या. मी त्या नंतर वाचल्या. चांगल्या आहेत. नसत्या तर बरं झालं असतं.

तो खुर्चीतून उठला. मी पिशवी ठेवायला खाटेवर जागा करून देत म्हणालो, बसा. ती म्हणाली, "चार्ज लेके बैठूँगी." आणि खरोखर बसली नाही. तो एकेक सांगत गेला, हे गरम आहे, हे थंड आहे, इथे हात लावू नको, अमक्या देशातला अमका माणूस रागावतो पण मनाचा चांगला आहे. ती उभ्या उभ्या ऐकत होती, मध्ये मध्ये विचारत होती. माझा चहा गार झाला. मला कोणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. सगळं संपल्यावर त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली, मग ती बसली.

त्याने डबा उचलला. मी त्याच्या मागोमाग अंगणात गेलो. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"मले एकदा म्हटलं असतं त," मी म्हणालो. आवाज नको तितका चढला होता. "मी का मेलो होतो?"

"रिलीव्हरले बोलावत नाई बाबू. तो येते."

"मी त दर रविवारी येतच होतो."

"येत होता," तो म्हणाला. "येऊन बसत होता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला परवडलं असतं. तो सायकलवर बसला आणि टाकीच्या दिशेने निघून गेला. नेहमीची ती उलटी चक्कर त्याने मारली. त्या दिवशी त्या फेरीला जरा जास्त वेळ लागला की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. मग पुढचं फाटक वाजलं. त्याने बूट काढले, डबा वहिनींच्या हातात दिला आणि विचारलं, "का चाल्लं घरात?" वहिनी डबा घेऊन आत गेल्या आणि कितीतरी वेळ तो नळाखाली धूत राहिल्या. बाबांनी व्हरांड्यातून विचारलं, "आला का रिलीव्हर?" तो त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "आला बाबा."

आता ते प्लगइन राउरकेल्याहून चालतं. वर तिचं नाव, खाली त्याचं, त्याच्याखाली माझं. म्हणजे माझा दुसरा नंबर होता तोही गेला. ती चालवते उत्तम. तिने त्या मराठी टिपा तशाच ठेवल्या आहेत आणि खाली ओडियात स्वतःच्या लिहिल्या आहेत. मी दर आठवड्याला जाऊन बघतो की कुठे काही चुकलं का. अजून तरी चुकलेलं नाही.

तो आता सकाळी व्हरांड्यात बाबांच्या शेजारी बसून मेथी निवडतो. मला वाटलं होतं की काम सुटल्यावर कोमेजेल. उलट अंगाने भरला आहे. मी गेलो की सरकून जागा करतो आणि आत बघून मोठ्याने हाक मारतो, "चहा टाक वो, हा आला." फोन न करता. मला त्याच्या कामाचा हेवा वाटायचा, आता त्या रिकाम्या बसण्याचाही वाटतो. तो सुटला, कारण त्याच्याकडे सुटण्यासारखं काहीतरी होतं.

माझं दुकान सेक्टर सहाला तसंच आहे. पणत्यांचं प्लगइनही आहे. पाच वाजले की मी कॉम्प्युटर बंद करतो, शटर ओढतो आणि घरी जातो. कुठेही काहीही अडत नाही.